न ओकलेल्यांची यादी

सांगलीत काही माणसांच्या डोक्याला मान असतो, काहींच्या घराण्याला. मुकुंदराव देवस्थळींच्या पोटाला होता.

‘देवस्थळी केटरर्स’ची एक रीत होती. पंगत बसायच्या बरोबर दोन तास आधी मालक स्वयंपाकघरात पाटावर बसत. रंगा आचारी पानातलं सगळं वाढी, मिठापासून बासुंदीपर्यंत, आणि मालक ते संपवीत. मग मागच्या दारी प्लास्टिकच्या खुर्चीत पेपर वाचत बसत. दोन तासांत पोट गप्प राहिलं की हुकूम सुटे, “पानं मांडा.” पोट बोललं की रंगा एक शब्द न विचारता पातेलं उचली. मुकुंदरावांचं पोट हळवं होतं. घाटातल्या दुसऱ्याच वळणावर ते गाडी थांबवायला लावी, आणि पदार्थात किंचित जरी काही बिघडलेलं असलं तर तासाभरात मालकांना मोरीपाशी नेऊन उभं करी. विट्याच्या एका लग्नात साठ लिटर बासुंदी त्यांनी अशीच ओढ्यात ओतायला लावली. यजमान अंगावर धावून आले. संध्याकाळी कळलं, त्याच गवळ्याचं दूध घेतलेलं शेजारच्या कार्यालयातलं सगळं वऱ्हाड सलाइनवर आहे. यजमानांनी दुसऱ्या दिवशी पेढे आणून दिले. मुकुंदरावांनी ते आधी हुंगले.

तीस वर्षं रोज दोन-दोन पूर्ण ताटं जेवल्यावर माणसाचं जे होतं तेच त्यांचं झालं. बावन्नाव्या वर्षी वजन एकशे एकतीस किलो. गुडघे गेले, साखर आली, घोरताना श्वास अडतो म्हणून झोपताना तोंडावर हवेच्या यंत्राचा मुखवटा लावायची वेळ आली. पत्नी वैजयंती म्हणाली, “अहो, तुमच्या शेजारी झोपणं म्हणजे विमानतळावर झोपणं झालंय.” मग दोघं मिरजेला ‘नवकाया’ रुग्णालयात डॉ. अभिजात खाडिलकरांकडे गेले.

डॉक्टर तरतरीत होते. त्यांनी जठराचं चित्र काढलं आणि त्याचा तीन चतुर्थांश भाग पेनाने खोडून टाकला.

“उरतं ते केळ्याएवढं. कापलेल्या कडेला बारीक टाचण्यांची रांग. आता खरी अडचण ऐका. ही शस्त्रक्रिया झाली की दहातल्या सहा-सात जणांना मळमळतं. भूल, आतला वायू, लहान झालेलं जठर, सगळं मिळून. आणि ओकारीचा जोर म्हणजे काय असतो माहितीय? ताज्या टाचण्यांवर आतून लाथ.”

“मला तर बस बघूनच होतं,” मुकुंदराव म्हणाले.

“म्हणूनच सांगतोय.”

मग त्यांनी समजावलं. ओकारी होते पोटातून, पण ठरते डोक्यात. मेंदूच्या तळाशी शितभर जागा आहे. रक्तातली घाण मेंदूपर्यंत जाऊ नये म्हणून सगळीकडे पडदा असतो. या एका जागी तो विरळ ठेवलेला आहे, कारण तिचं काम रक्ताची चव घेणं हेच. दुसरी खबर पोटातून येते. आतड्यात काही वाईट उतरलं की तिथल्या पेशी सेरोटोनिन सोडतात आणि व्हेगस नावाची लांबच लांब नस ते वर कळवते. दोन्ही खबरा जुळल्या की हुकूम सुटतो. जुनी औषधं यातला एकेक दरवाजा बंद करत. तीन-तीन, चार-चार औषधं एकदम दिली तरी एखादा दरवाजा उघडा राहायचाच.

“‘शमन’ दरवाज्यांच्या नादाला लागत नाही,” डॉक्टरांनी वाटाण्याएवढी एक चकती तळहातावर ठेवली. “हे नसेवर बसतं आणि ऐकतं. लाखभर माणसांच्या मळमळीचे संदेश त्याला पाठ आहेत. तसा संदेश आला की हे वर स्वतःचा संदेश पाठवतं. शितभर जागेला रक्तात काही सापडलं तरी खालून दुजोरा मिळत नाही, मग तीही गप्प बसते.”

“म्हणजे वर खबर पोचतच नाही?”

“पोचते की. ‘सर्व ठीक आहे’ अशी.”

वैजयंतीने विचारलं, “आणि नंतर हे काढायचं का?”

“काढायचं कशाला? बारा वर्षांची बॅटरी आहे. बंद करता येतं, रुग्णालयातल्या यंत्रावरून. पण आजवर बंद करा म्हणून कुणी आलेलं नाही. बिघडलंय, लवकर चालू करा, म्हणून दोघे आले होते.”

शस्त्रक्रियेनंतर शेजारच्या खाटेवरचा, ‘शमन’ नको म्हणालेला गृहस्थ दोन दिवस बादली धरून बसला होता. मुकुंदराव त्याच्याकडे बघत कोमट पाणी चमच्याचमच्याने प्यायले आणि पेपर वाचला.

दीड वर्षात पंचेचाळीस किलो उतरले. साखर गेली, मुखवटा माळ्यावर गेला. आंबोलीचा घाट ते पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून उतरले आणि तिथे झाडं आहेत हे त्यांना कळलं. एका सकाळी वैजयंतीने चहाचा पहिला घोट घेतला आणि थुंकला. दूध नासलं होतं. मुकुंदरावांचा कप रिकामा होता.

“अहो, कळलं नाही तुम्हाला?”

“जरा आंबट लागला. मला वाटलं, नवीन पावडर आणलीस.”

दोघं हसली. वैजयंती थोडी आधी थांबली.

मालकाचं ताट मात्र चालूच होतं. फरक एवढाच, की आता प्रत्येक पदार्थाचा चमचा-चमचाच जाई आणि पोट कधीच बोलत नसे. दीड वर्षात एकही पातेलं ओतावं लागलं नाही. मुकुंदराव याचं श्रेय नव्या शीतकपाटाला देत.

“मालक,” रंगा एकदा ताट उचलताना म्हणाला, “राग मानू नका. आधी तुमचं पोट वर्षाला पाच-सहा वेळा तरी बोलायचं. आता मुक्यासमोर ताट ठेवल्यागत वाटतंय.”

“तुझा स्वयंपाक सुधारला असेल.”

“तीस वर्षं करतोय. ह्याच दीड वर्षात कसा सुधारला?”

“मग तू खा दोन तास आधी.”

“मी काय मालक आहे व्हय?” रंगा म्हणाला. रीत ती रीत. पहिलं ताट मालकाचं. ते आचाऱ्याने खाणं म्हणजे मालकाच्या पाटावर बसणं, आणि रंगाच्या सात पिढ्यांत तसं कुणी केलं नव्हतं.

एव्हाना ‘शमन’ची दुसरी आवृत्ती आली होती, जठराजवळ न जाता कानाखाली सुईने मानेतल्या नसेवर बसवायची. वीस मिनिटांचं काम. केमोथेरपीचे रुग्ण आले, ते रास्तच होतं. मग बोटीवरचे खलाशी आले. मग रोज कोल्हापूर-रत्नागिरी करणारे एसटीचे चालक. एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने वसतिगृहाच्या प्रवेशाबरोबर सवलतीत ‘शमन’ द्यायला सुरुवात केली आणि मेसच्या जेवणाबद्दलच्या तक्रारी एका सत्रात निम्म्यावर आल्या; प्राचार्यांनी त्यावर शोधनिबंध वाचला. कंपनी जाहिरातीत म्हणे, ‘ओकारी ही उत्क्रांतीची जुनी सवय आहे. तुम्हाला ती हवीच का?’ शाकाहारी मंडळींना हे पटलं, मांसाहारींनाही पटलं. एवढं एकमत सांगलीत नाट्यगृहाच्या जागेवरूनही झालं नव्हतं.

मुकुंदरावांच्या मुलीला, मृण्मयीला, दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात तिची दशा झाली. पाणीसुद्धा राहीना. पाच किलो वजन गेलं, दोनदा सलाइन झालं. माहेरी आणून तिला मागच्या खोलीत ठेवलं, कारण पुढच्या खोलीपर्यंत फोडणीचा वास येई.

“माझंही असंच होतं गं तुझ्या वेळी,” वैजयंती तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. “चार महिने ह्यांच्या अंगाला येणारा मसाल्याचा वास चालला नाही. मग गेलं आपोआप.”

“आई, आपोआप म्हणजे कधी? तारीख सांग.”

मुकुंदराव दारात उभे होते. लेकीचे गाल बसलेले त्यांना बघवत नव्हते. “उद्या खाडिलकरांकडे जाऊ,” ते म्हणाले. “हे काय अंगावर काढायचं दुखणं आहे?”

“अहो, पोटातल्या जीवाला काही...”

“वैजू, नसेवर चकती बसवायची आहे, पोटाला हातही लागत नाही. मी आहे ना समोर धडधाकट. आणि उपाशी आईचं मूल कसं होणार, ते सांग.”

जावई निरंजनने वाचून ठेवलेलं बोलून दाखवलं, की गरोदरपणातली मळमळ बाळाला अन्नातल्या विषापासून जपण्यासाठी असते असं काही शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे. मुकुंदराव त्याला म्हणाले, “आमच्या घरच्या अन्नात विष?” केटररच्या घरी जावई असलं म्हणजे हा प्रश्न वाढवता येत नाही.

‘शमन’ बसवून मृण्मयी घरी आली आणि पायरीवरच म्हणाली, “बाबा, कांदाभजी.” अकरा खाल्ली. वैजयंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. मुकुंदरावांना त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला तेवढा तिच्या पदवीच्या दिवशीही वाटला नव्हता.

सातव्या महिन्यात, मे महिन्यात, डोहाळजेवण ठरलं. मुकुंदरावांनी तीस वर्षं दुसऱ्यांच्या मुलींची डोहाळजेवणं केली होती; ही स्वतःची. सव्वाशे पानं. फुलांचा झोपाळा, हिरवी साडी, आणि मृण्मयीने मागितलेला साखरभात, केशर-लवंगाचा, लिंबू जास्त घातलेला.

साखरभाताचा भात आदल्या संध्याकाळी मोकळा शिजवून ठेवायचा असतो. तो परातींत पसरून पंख्याखाली गार करतात आणि मग शीतकपाटात ठेवतात, म्हणजे सकाळी पाकात घोळताना शीत मोडत नाही. त्या संध्याकाळी फुलवाल्याने झोपाळ्याला झेंडू आणला होता आणि मुकुंदरावांना मोगरा हवा होता. ते कार्यालयाच्या अंगणात भांडत होते. रंगाने आतून हाक दिली, “मालक, पराती फुलवाल्यानं घेतल्यात, फुलं भिजवायला. भाताचं काय करू?”

“राहू दे पातेल्यात. झाकून ठेव. सकाळी बघू.”

रंगाने झाकण ठेवलं. मे महिना, पन्नास किलोचं पातेलं, जाड बूड. सकाळी झाकण उघडलं तेव्हा मधला भात अजून कोमट होता.

“मालक, रातभर गरमच राहिलाय,” रंगा म्हणाला. “वास तर चांगलाय. पण टाकू का?”

“वास चांगला आहे म्हणतोस ना? कर. माझं ताट आहेच की.”

दहा वाजता त्यांनी ताट खाल्लं. साखरभाताचे चार घास घेतले, कारण लेकीचा होता. पेपर वाचला. बारा वाजता खुर्चीतून उठून पोटावर हात ठेवला. पोट शांत होतं. त्यांनी आवाज दिला, “पानं मांडा!”

मृण्मयीने साखरभात तीनदा मागून घेतला. बायका कौतुकाने बघत होत्या. “किती छान जेवतेय पोर,” निरंजनची आत्या म्हणाली. “आमच्या वेळी डोहाळजेवणाला पानाकडे बघवायचं नाही.” झोपाळ्यावर बसवून गाणी झाली, वाट्यांखाली पेढा की बर्फी झालं.

दीड वाजता आत्याबाई गाण्याच्या मध्येच उठल्या आणि झोपाळ्यामागे जाऊन ओकल्या. मग एक मामा. मग मांडवातून खुर्च्या सरकल्याचे आवाज एकामागून एक यायला लागले. अर्ध्या तासात सत्तरेक माणसं भिंतींना धरून उभी होती. जे ठीक होते ते, आणि वैजयंती-निरंजनसारखे दुसऱ्या पंगतीला थांबलेले, पाठीवर हात फिरवत होते, पाणी देत होते. मुकुंदरावांची मेहुणी एका हाताने दोघींची डोकी धरत होती आणि दुसऱ्या हाताने बासुंदीची वाटी. तिला वर्षभरापूर्वी प्रवासासाठी ‘शमन’ बसवलं होतं. मृण्मयी पदर खोचून लिंबूसरबत वाटत होती.

स्वयंपाकघराच्या दारात रंगा उकिडवा बसला होता. ओकून ओकून त्याचा चेहरा धुतल्यासारखा झाला होता.

“साखरभात, मालक,” तो म्हणाला. “मी नंतर मूठभर खाल्ला.” मग त्याने मान वर केली. “तुम्हाला कायच झालं नाही?”

मुकुंदरावांना काहीच झालं नव्हतं.

सिव्हिलमध्ये सगळ्यांना आणलं तेव्हा चार वाजले होते. डॉ. तेजल माने, तिशीची, आवाज बसलेली, खाटांमधून एकदा फिरली आणि मुकुंदरावांपाशी आली.

“जेवण तुमचं?”

“हो. हे सगळे...”

“हे सगळे संध्याकाळपर्यंत घरी जातील. मला यांची यादी नको. न ओकलेल्यांची द्या. ज्यांनी तो भात खाल्ला आणि जे ओकले नाहीत.”

“पण त्यांना तर काही त्रासच नाहीये.”

“तेच म्हणतेय.” तिने त्यांना कोपऱ्यात घेतलं. “भात रात्रभर कोमट राहिला की त्यात एक जंतू वाढतो. तो जे विष करतो ते नंतर उकळलं तरी जात नाही. वास नाही, चव नाही. ते पोटात गेलं की व्हेगस नसेला डिवचतं, माणूस ओकतो आणि सुटतो. नसेने खबरच दिली नाही तर ते आत उतरतं. यकृतात. मुलं, म्हातारे, गरोदर बायका...” ती थांबली. “गरोदर कुणी आहे यादीत?”

मुकुंदरावांनी बोट दाखवलं. मृण्मयी एका खाटेशेजारी उभी राहून आत्याबाईंना ग्लुकोजचं पाणी पाजत होती. केसांत गजरा, गळ्यात फुलांचा हार, अजून काढलेला नव्हता.

यादीत नऊ नावं निघाली. कुणी किती वाढून घेतलं हे मुकुंदराव न अडखळता सांगू शकले. केटररची नजर पंगतीवरून फिरत असते. “आमची मेहुणी, एक वाढप. निरंजनचे काका, अर्धं, त्यांना गोड वर्ज्य आहे. मी, चार घास. मृण्मयी,” ते म्हणाले, “तीन.”

पोट धुणं झालं. नळीतून फारसं काही आलं नाही. जेवणाला साडेतीन तास होऊन गेले होते. ‘शमन’ बंद करायचं यंत्र ‘नवकाया’त होतं. निरंजन मोटारसायकलवर जाऊन ते घेऊन आला, पण त्याला डॉक्टरांचा संकेतांक लागत होता, आणि खाडिलकर सिंगापूरला होते. फोन लागला तेव्हा मागे टाळ्यांचा आवाज होता.

मुकुंदरावांनी सगळं सांगितलं.

“नऊ जणांपैकी एकही ओकला नाही?” खाडिलकरांनी विचारलं. “म्हणजे खऱ्या विषावरसुद्धा यंत्र शंभर टक्के चाललं. मुकुंदराव, नोंदी जपून ठेवा हं. नावांशिवाय चालतील.”

“संकेतांक द्या,” मुकुंदराव म्हणाले. आयुष्यात प्रथमच ते कुणाशी ओरडून बोलले नाहीत आणि तरी वॉर्डातल्या सगळ्यांनी वळून पाहिलं.

पाच वाजता मृण्मयीचं ‘शमन’ बंद झालं. मग एकेक करून बाकीच्यांचं. मुकुंदरावांनी आपलं सगळ्यात शेवटी बंद करून घेतलं. मृण्मयीच्या फोनवर संदेश आला: ‘आपली सेवा थांबली आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व. पुन्हा सुरू करण्यासाठी इथे स्पर्श करा.’

वैजयंती तिच्यासमोर परात धरून बसली. “काही वाटतंय का गं? जरासं तरी? घशाशी?”

“नाही गं आई.”

“बोट घालून बघ.”

“घातलं. नुसता खोकला आला.”

डॉ. तेजल म्हणाली, “नस गप्प राहायला शिकलेली असते. कुणाची तासाभरात जागी होते, कुणाची महिन्याने. आणि तिच्यावर आता फार काही अवलंबूनही नाही. विष उतरायचं ते उतरलंय. यकृत कसं आहे ते बघायला रक्त पाठवलंय; बिघडलं असेल तर पुण्याला हलवावं लागेल. सहाला कळेल.”

त्या तासाभरात ओकलेली माणसं एकेक करून घरी जायला निघाली. चेहरे उतरलेले, आवाजात मात्र जोर आलेला. “तीस वर्षांचं नाव मातीत घातलंत,” मामा दारातून म्हणाले. आत्याबाई म्हणाल्या, “पोलिसांत जाणार आहे मी, सांगून ठेवते.” मुकुंदराव प्रत्येकापुढे हात जोडत होते. शिव्या देणारं माणूस जिवंत राहणार, एवढा हिशेब त्यांना त्या दुपारी कळला होता. रंगाने जाताना मालकांच्या पायांना हात लावला, आणि तीस वर्षांत त्याने तसं कधी केलं नव्हतं म्हणून मुकुंदराव घाबरले.

सहाला पाच मिनिटं असताना काचेपलीकडे डॉ. तेजलच्या हातात कागद आला. तिने तो वाचला. पुन्हा वरून वाचला. आत यायला वळली, थांबली, आणि तिने आधी खिशातून फोन काढला. काचेतून आवाज येत नव्हता, पण मुकुंदरावांना ओठांवरून ‘पुणे’ कळलं, ‘सात महिने’ कळलं, आणि ‘आत्ताच’ कळलं. ते खाटेच्या कडेवर बसले. कपाळाला घाम आला. तोंडात पाणी सुटलं. जिभेखालून काहीतरी कडू वर सरकलं, आणि दोन वर्षांत प्रथमच त्यांना भिंत धरावीशी वाटली.

“बाबा,” मृण्मयी पुढे झुकली. तिचा चेहरा ताजा होता. डोळ्यांच्या पांढऱ्यात जी पिवळसर झाक होती ती वॉर्डातल्या दिव्याचीही असू शकली असती. “मळमळतंय का तुम्हाला?”

“हो,” मुकुंदराव म्हणाले.

तिने आईच्या हातातली परात घेतली आणि बाबांच्या पुढ्यात धरली. दुसऱ्या हाताने ती त्यांच्या पाठीवरून सावकाश, वरून खाली, हात फिरवू लागली.

“काढून टाका,” ती म्हणाली. “मला तर काहीच होत नाहीये.”